बांबू आधी चिरायला शिका

गेल्या अंकात मी ठाणे आणि नवी मुंबईत बांबूच्या टोपल्या विणायला शिकवणाऱ्या वर्गांविषयी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काही प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते एकत्र केले आहेत. माझं माहेर बुरडाचं. वडिलांच्या शेजारी बसून शिकले आणि आता कळव्याला एका सोसायटीच्या हॉलमध्ये सुट्टीच्या दिवशी शिकवते. उत्तरं देताना पुस्तकापेक्षा त्या हॉलमधली सतरंजी आणि तिच्यावर पडलेला भुसाच जास्त डोळ्यांसमोर आहे.

प्रश्न : वाशीला एका दिवसाच्या टोपली-वर्गाला गेले होते. तयार पट्ट्या मिळाल्या, बूड आधीच विणून ठेवलेलं होतं, दुपारपर्यंत सुरेख टोपली झाली. मग घरी पट्ट्या मागवून बसले तर काही केल्या जमेना. पट्ट्या कडाकडा मोडतात, विण सैल पडते, एक फेरा पूर्ण झाला की पुढचा फेरा चुकतो. माझ्या हातात ही कला नाही का? पुढचा वर्ग निवडताना काय बघू? — एक वाचक, वाशी

ताई, तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही. तुम्हाला शिकवलं ते टोपलीचं शेवटचं काम. बुरडाच्या घरात मूल विणायला फार उशिरा बसतं. आधी ते पट्ट्या निवडतं, मग त्या तासून गुळगुळीत करतं, मग कधीतरी सुरी हातात येते. माझे वडील विणताना मनसोक्त गप्पा मारायचे, पण बांबू चिरताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. टोपली सरळ होणार की वाकडी, दोन वर्षं टिकणार की वीस, हे चिरतानाच ठरतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी विणायला देतच नाही. काहीजण नाराज होतात. होऊ देत.

चिरण्यात असतं काय ते सांगते. कोयत्याचा घाव फक्त बांबूचं तोंड उघडतो. पुढे चीर आपली आपण धावते आणि ती नेहमी पातळ बाजूकडे पळते. दोन्ही भाग सारखे असतील तर ती शेवटच्या पेरापर्यंत नीट जाते. एक भाग जरा जाड झाला की चीर पातळ भाग खात खात बाहेर निघते आणि पट्टी मध्येच तुटते. ती बाहेर पळतेय असं दिसलं की जाड बाजू जास्त वाकवायची, पातळ बाजू सरळ धरायची. चीर हळूहळू परत मध्यावर येते. हे वाचून कळत नाही, बोटांना कळावं लागतं, आणि कळलं की कोयता जवळपास लागतच नाही, दोन हातांनी बांबू नुसता उघडत जातो. गाठीपाशी सावकाश जायचं, कारण तिथे तंतू सरळ नसतात, एकमेकांत गुंतलेले असतात.

उभे भाग झाले की मग थर काढायचे. बांबूची हिरवी साल आणि तिच्या लगतचा थर सगळ्यात चिवट, कारण तंतू तिथे दाट असतात. आत जावं तसा गर वाढतो आणि ताकद कमी होते. सालीची पट्टी वाकते, आतली मोडते. अगदी आतला थर आम्ही टाकून देतो किंवा चुलीत घालतो. तुमच्या मागवलेल्या पट्ट्या मोडत असतील तर त्या बहुधा आतल्या थरातल्या असाव्यात, नाहीतर पार वाळलेल्या. वाळलेली पट्टी रात्रभर पाण्यात ठेवा आणि विणताना ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. एका वेळी हातात घ्याल तेवढीच बाहेर.

फेरा चुकतो त्याचं कारण मात्र साधं आहे. एकच पट्टी एक वर, एक खाली अशी गोल फिरवत न्यायची असेल तर उभ्या काड्या विषम हव्यात. सम असल्या की दुसऱ्या फेऱ्याला पट्टी पहिल्या फेऱ्यात जिथून गेली नेमकी तिथूनच जाते, आणि विण बसतच नाही. तुमच्या वर्गात बूड तयार होतं, त्यामुळे हा हिशेब कुणीतरी आधीच करून ठेवला होता. घरी काड्या सम आल्या तर एक काडी मधोमध चिरून तिच्या दोन करा. आमच्याकडे सगळे तेच करतात. किंवा दोन पट्ट्या एकाआड एक चालवा, मग सम चालतात.

सैल पडण्याचं म्हणाल तर ओली पट्टी वाळली की आकसते. ओल्या बांबूची टोपली विणून झाली की दोन-चार दिवस सावलीत ठेवायची, मग फेरे खाली दाबून पुन्हा घट्ट बसवायचे आणि त्यानंतरच काठ बांधायचा. एका दिवसाच्या वर्गात याला वेळच नसतो.

पुढचा वर्ग निवडताना फोनवर एकच विचारा : तिथे अख्खा बांबू असतो का? असेल तर जा. नुसत्या पट्ट्यांची गुंडाळी असेल तर तो वर्ग वाईट नाही, पण तुम्हाला हवं ते तिथे मिळणार नाही. पुष्कळ ठिकाणी बांबूऐवजी वेताच्या गाभ्याच्या गोल काड्या देतात. त्या मऊ असतात आणि नवशिक्याला लगेच यश देतात. पण वेत ही वेलीसारखी चढणारी ताडाच्या कुळातली वनस्पती, आतून भरीव. बांबू म्हणजे गवत, आतून पोकळ. वेतावर शिकलेला हात बांबूवर पुन्हा पहिल्यापासून शिकतो.

आणि बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. तिथे कारागिरांचं प्रदर्शन लागलेलं असेल तेव्हा बांबूच्या गाळ्यासमोर तासभर नुसत्या बसा. विकत काही घेतलं नाही तरी चालेल, पण गिऱ्हाईक आलं की वाट मोकळी करा. त्या माणसाची बोटं बघा. डाव्या हाताचं काम उजव्याहून जास्त असतं, हे तिथे कळेल.

प्रश्न : कोलशेत रोडला नवव्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी हौसेने बांबूच्या टोपल्या घेतल्या. पावसाळ्यात त्यांवर हिरवट बुरशी आली आणि आता एकीखाली रोज पिठासारखी पांढरी पूड पडते. टाकून द्याव्या का? — एक वाचक, ठाणे

बुरशी आणि पूड ही दोन वेगळी दुखणी आहेत. बुरशी वरवरची असते. कोरड्या ब्रशने गॅलरीत झाडा, व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, ऊन द्या. आणि टोपली भिंतीला टेकवून ठेवू नका. घोडबंदरच्या बाजूला खाडीची दमट हवा असते. टांगलेल्या टोपलीला चारही बाजूंनी वारा लागतो, जुन्या घरांत टोपल्या आढ्याला टांगत ते उगाच नाही.

पूड म्हणजे भुंगा. बांबूत पिष्ट असतं, ते खायला हा इवलासा किडा आत शिरतो. ज्या टोपलीतून पूड पडते ती आजच बाकीच्यांपासून वेगळी करा. लहान असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवा, आतली अळीही मरते. मोठी असेल आणि रंगवलेली नसेल तर उकळत्या पाण्यात चांगली अर्धा तास बुडवा आणि मग कडक उन्हात पार वाळवा. सजावटीच्या टोपलीला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी चालतं. भाजी, भाकरी किंवा धान्य ठेवायच्या टोपलीला ते लावू नये असं माझं ठाम मत आहे.

धान्याच्या सुपाला आणि टोपलीला आपल्याकडे वेगळाच उपाय होता. जुने कागद भिजवायचे, भिजलेली मेथी वाटून त्या लगद्यात मिसळायची आणि आतबाहेर थापायची. फटी बुजतात, रवासुद्धा गळत नाही आणि मेथीच्या कडवटपणामुळे किडा जवळ येत नाही. पूर्वी शेणाने सारवत, तेही याचसाठी. माझी आई दर उन्हाळ्यात हे करायची. कागद-मेथीची टोपली दिसायला इतकी देखणी होते की वर्गात आलेल्या मुली आता तीच मागतात.

टाकून मात्र देऊ नका. एखादी पट्टी पोखरली असेल तर तेवढीच काढून नवी ओवता येते. पन्नास वर्षांच्या टोपलीत तीन पिढ्यांच्या पट्ट्या मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : येऊरच्या जंगलात एवढा बांबू आहे. सरावासाठी दोन-चार काठ्या तोडून आणल्या तर चालेल का? — एक वाचक, वर्तकनगर

नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथलं पानसुद्धा उचलायचं नाही. खाली पडलेला बांबूही नाही.

मंडपवाल्यांच्या वखारीतून आणाल तर तोही उपयोगाचा नाही. मांडवाला आणि परांचीला लागतो तो जून, वाळलेला बांबू. तीन वर्षांच्या पुढचा. भार पेलायला उत्तम, पण चिरला की ताडकन फुटतो आणि पट्टी वळत नाही. टोपलीला एक-दोन वर्षांचा, ओला, लांब पेरांचा हवा. बांबू जाड होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. जमिनीतून कोंब वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, पुढे तो फक्त कडक होत जातो. त्यामुळे जाडी बघून वय कळत नाही. गाठींवर पांढरट भुकटी आणि बुडाशी कोंबाच्या वेष्टणाचे अवशेष असले तर कोवळा. अंगावर करडे डाग, दगडफुलासारखे ठिपके आले की जून. माझा बांबू विक्रमगडकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरून येतो, टेम्पोने. तुम्ही चार जण मिळून मागवलात तर भाडं परवडेल.

प्रश्न : गौरीसाठी ओवशाची पाच सुपं घ्यायला जांभळी नाक्याला गेले. बाईने सांगितलेली किंमत ऐकून धक्काच बसला. प्लॅस्टिकचं सूप त्याच्या पाव किमतीत मिळतं. सणाचा फायदा घेऊन लुटतात, असं नाही वाटत तुम्हाला? — एक वाचक, घणसोली

ताई, नाही वाटत. आणि तुम्ही राग धरणार नाही असं समजून सविस्तर सांगते, कारण सुपाबद्दल बोलायला मला कुणी विचारतच नाही.

टोपलीपेक्षा सूप अवघड. टोपली गोल असते, तिचा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. सूप तीन बाजूंनी उचललेलं आणि पुढून उघडं. मागचे दोन कोपरे वळवताना विणलेली सपाट चटई दुमडून उभी करायची असते आणि तिथे एकही पट्टी मोडायची नसते. त्यासाठी पट्ट्या कागदासारख्या पातळ लागतात, आणि सगळ्या सारख्या. एका सुपाच्या पट्ट्या चिरायला, तासायला जो वेळ जातो त्याच्या निम्म्यात विणून होतं. मग कडेला जाड कामटी दोन्ही बाजूंनी लावून ती बांधायची. पुढची धार अशी ठेवायची की पाखडताना कोंडा उडावा आणि दाणा मागे यावा. दाणा पुढे सांडला तर ते सूप नाही, नुसतं ताट आहे. पाखडताना तांदूळ कुठे जमतो आणि खडा कुठे जातो, हे त्या उतारावर ठरतं. प्लॅस्टिकच्या सुपात तो उतार साच्याने दिलेला असतो, पण गुळगुळीत तळावर धान्य घसरतं. बांबूच्या विणीची खरखर दाण्याला धरून ठेवते. घरात एकदा दोन्हींत तांदूळ पाखडून बघा.

आता सणाचं. सुपं करणाऱ्या घरात गौरी-गणपती आणि पुढे छठपूजा हे वर्षातले दोन हंगाम. छठेला ठाण्यात आणि नवी मुंबईत उत्तर भारतीय कुटुंबं सुपं आणि टोपल्या घेतात, मासुंदा तलावावर किंवा खाडीकाठी अर्घ्य द्यायला जातात. एरवी महिनोन् महिने माल पडून राहतो. या दोन हंगामांतल्या पैशावर पुढचा बांबू घेतला जातो. तिने सांगितलेली किंमत तुम्हाला जास्त वाटली, तरी तिच्या दिवसाच्या मजुरीचा हिशेब लावलात तर ती तुमच्या घरी येणाऱ्या प्लंबरच्या जवळपासही जाणार नाही.

घासाघीस करण्यापेक्षा माल पारखून घ्या, त्यात तुमचाही फायदा आहे. सूप उजेडाकडे धरा. फटी सगळीकडे सारख्या दिसल्या पाहिजेत. पट्ट्यांची सालीची बाजू वर आहे का बघा, ती चकाकते आणि नख मारलं तर ओरखडा उठत नाही. मागचे कोपरे दाबा, कुरकुर ऐकू आली तर तिथे पट्टी मोडलेली आहे. काठ तारेने बांधलेला असेल तर तार पुढे गंजेल. पट्टीने किंवा वेताने बांधलेला घ्या. आणि असं सूप मिळालं तर मागितलेले पैसे द्या.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो, वय चौसष्ट. सकाळी बोटं आखडतात. पत्नी म्हणते, या वयात कोयता हातात घेऊ नका. शिकता येईल का? — एक वाचक, नौपाडा

येईल. माझ्या वर्गात तुमच्या वयाची माणसं तरुणांपेक्षा बरी शिकतात, कारण त्यांना घाई नसते. दुपारचा वर्ग घ्या, तोवर बोटं मोकळी होतात. पट्ट्या कोमट पाण्यात भिजवायच्या, हातालाही बरं वाटतं. मांडी घालून बसायचा हट्ट नको. खुर्चीवर बसून, मांडीवर जाड गोणपाट घेऊन काम करा.

पत्नीला सांगा की कोयत्याने होतात त्यापेक्षा बांबूनेच जास्त जखमा होतात. बांबूच्या सालीत सिलिका असते, ताज्या पट्टीची कड ब्लेडइतकी धारदार असते. पट्टी काढली की सुरीच्या पाठीने तिच्या दोन्ही कडा मारून घ्यायच्या, मगच तिच्यावरून हात फिरवायचा. डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा चिकटपट्टी गुंडाळा. कुसळ घुसलं तर ते तिथल्या तिथे काढा, आणि धनुर्वाताची सुई बऱ्याच वर्षांत घेतली नसेल तर घेऊन टाका. कोयता नेहमी जमिनीवरच्या ठोकळ्यावर, अंगापासून दूर चालवायचा. सुरुवातीला चिरण्याचं काम शिकवणाऱ्याच्या हाताखालीच करा, घरी नुसता विणण्याचा सराव ठेवा.

आणखी एक. लहान परडी सोपी असेल असं वाटतं, ती सगळ्यात अवघड असते. वळण जितकं लहान तितकी पट्टी पातळ लागते. तुम्ही भाकरी ठेवण्याएवढ्या पसरट दुरडीपासून सुरू करा.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही बुरूड. आजोबा गावी अजून टोपल्या करतात, इथे वडील नोकरी करतात. मला आजोबांकडून काम शिकायचं आहे, पण आई चिडते. म्हणते, यातून बाहेर पडायला आम्ही आयुष्य घालवलं आणि तू परत त्यात जातोस? आता शहरातले लोक तेच शिकायला पैसे भरतात, हे बघून मला काय वाटतं तेच कळत नाही. — एक वाचक, ऐरोली

बाळा, तुला अरे-तुरे करते, कारण तू माझ्याच घरातला आहेस.

आधी आईची बाजू. तिचा राग टोपलीवर नाही. हातात बांबू असला की लोक कोणत्या नजरेने बघायचे, ते तिने सोसलं आहे. टोपली दाराबाहेर ठेवून घ्यायची, पैसे वरून टाकायचे, मालाची स्तुती करायची आणि करणाऱ्याला पाणी द्यायचं नाही. माझ्या आईने हे पाहिलं. तुझ्या आईने बहुधा पाहिलं, नाहीतर तिच्या आईकडून ऐकलं. वर्गात फी भरून येणाऱ्या माणसाला हे काम छंद म्हणून मिळतं, त्याला कोणी जात विचारत नाही. आपल्याकडे काम आणि जात एकाच शब्दात बांधलेली होती. तुला जे वाटतं त्यात हे सगळं आहे, आणि ते वाटणं बरोबर आहे. ते घाईने मिटवू नकोस.

मग धंदा गेला तो वेगळाच. वाशीच्या बाजारात फळं आणि भाजी करंड्यांतून, पाट्यांतून यायची. तिथे प्लॅस्टिकचे क्रेट आले. कोळीवाड्यांत मासळीच्या टोपलीची जागा थर्माकोलने आणि प्लॅस्टिकच्या टपांनी घेतली. कणग्या गेल्या, कारण घरात वर्षाचं भात साठवणंच गेलं. वडिलांच्या पिढीने नोकरी धरली ती लाजेने नाही, पोटासाठी धरली. त्यांनी योग्य केलं.

तरीही मी म्हणेन, शीक. पदवी पूर्ण कर, नोकरी कर, आणि हेही शीक. कारण तुझ्या आजोबांकडे जे आहे ते माझ्या वर्गात मिळत नाही. मी लोकांना एक दुरडी, एक परडी, फार तर सूप शिकवते. तुझे आजोबा बांबू बघून त्यातून किती पट्ट्या निघतील ते सांगत असतील. ते टेप लावत नसतील, वितीने आणि बोटाने मोजत असतील. तू इंजिनीअर आहेस. सुट्टीत जाशील तेव्हा त्यांचं प्रत्येक माप लिहून काढ : कोणत्या टोपलीला किती उभ्या, पट्टी किती रुंद, किती पातळ, काठाला कामटी किती लांब. कोंबड्या झाकायचं डालगं, भात धुवायची रोवळी, पावसातलं इरलं, यांतलं त्यांना जे येत असेल त्याचा एक एक नमुना त्यांच्याकडून करून घे आणि घरी आण. व्हिडिओ काढ, पण चेहऱ्याचा नको, हातांचा काढ, आणि त्यांच्या मागे उभा राहून काढ, म्हणजे बघणाऱ्याला डावा-उजवा हात त्यांच्याच बाजूने दिसेल.

तुझ्या आजोबांच्या उमेदीच्या काळात बांबू मिळवणं हाच मोठा त्रास होता. १९२७च्या वन कायद्यात बांबू झाडांच्या व्याख्येत धरला होता, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा तोडून नेतानाही परवान्याची कटकट व्हायची. नोव्हेंबर २०१७मध्ये अध्यादेश निघाला, पुढे त्याचा कायदा झाला, आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातल्या बांबूचं म्हणशील तर २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरवला, आणि गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने २०११मध्ये तो विकण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळवला. हे आजोबांना सांग. त्यांना यातलं काही ठाऊक असेल, काही नसेल, पण त्यांची आयुष्यभराची तक्रार कुणीतरी कायद्यापर्यंत नेली हे त्यांना ऐकायला आवडेल.

तुला पुढे यातच काही करायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, सिंधुदुर्गात कुडाळला कॉनबॅक ही संस्था आहे, तिथे बांबूचं फर्निचर आणि घरबांधणीचं काम चालतं. इंजिनीअरला तिथे जागा आहे. बांबूचा सांधा कसा करावा हा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही, कारण पोकळ नळीला खिळा मारला की ती उभी फाटते. आजोबा तो सांधा बांधून करतात. तू त्याचा ताण मोजू शकतोस.

आणि आईला नुसतं समजावत बसू नकोस, तिला विचार. आमच्या घरांत चिरायचं पुरुष करत, पण काठ बांधणं, कडा तासणं आणि बाजारात विकणं हे बायकांचं. तुझ्या आईला काठ बांधता येत असणार. आजोबांनी विणलेली, बिनकाठाची टोपली घरी आण आणि तिच्या हातात दे. ती रागावली तर रागावू दे, टोपली तिच्याजवळ राहू दे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या बरोबरीने वचनं लिहिणारे केतय्या बांबूच्या टोपल्याच करत होते, कर्नाटकातला टोपल्या विणणारा मेदार समाज आणि आपली माणसं अजून त्यांचं नाव घेतात. हे तिला माहीत नसेल तर तेही सांग, पण टोपली दिल्यानंतर.

कळव्याला ये कधीतरी. तुझ्याकडून फी घेणार नाही. बदल्यात आजोबांची मापं मला दाखव.

प्रश्न : नवीन वर्ग कधी सुरू करावा, पावसाळ्यात की थंडीत? सोबत काय आणायचं? — अनेक वाचक

दिवाळीनंतर. पावसाळ्यात बांबूला नवे कोंब फुटतात, तेव्हा बेटाला हात लावायचा नसतो. पाऊस संपून जमीन वाळली की तोड सुरू होते आणि थंडीभर ओला बांबू मिळतो. या दिवसांत तोडलेल्याला भुंगाही कमी लागतो. पावसाळी हवेत पट्ट्या मऊ राहतात हे खरं, पण विणलेला माल वाळत नाही आणि बुरशी धरतो. मे महिन्यात उलट, हातातल्या हातात पट्टी वाळते.

आणायचं फार काही नाही. जाड सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे. जुनी चादर मांडीवर घ्यायला. कापडी फडकी दोन, पट्ट्या ओल्या ठेवायला. कपडे वाळत घालायचे चिमटे दहा-बारा आणा, काठ बांधताना तिसऱ्या हातासारखे उपयोगी पडतात. सुरी नवीन घेऊ नका. स्वयंपाकघरातली पातळ पात्याची चालत नाही आणि बाजारातली महाग असते. वर्गात चार प्रकारच्या ठेवलेल्या आहेत, तुमच्या हाताला कोणती बसते ते बघून मग त्याच मापाची लोहाराकडून करून घ्या. लेकराला घेऊन येणार असाल तर दहा वर्षांच्या पुढचं आणा, आणि आल्याबरोबर त्याला विणायला मिळणार नाही हे घरूनच सांगून ठेवा.

डिसेंबरच्या वर्गाची नावं नोव्हेंबरमध्ये घेते. एका वेळी आठच, कारण चिरताना प्रत्येकाच्या शेजारी मला बसावं लागतं.